पंधरा किलोंची सफर

दिवाळीच्या सुट्टीत केनिया किंवा टांझानियाला जाऊन येणे ही आपल्या डॉक्टरमंडळींत आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी आपली मजल गीरपर्यंत, फार तर ताडोबा-पेंचपर्यंत जात असे. आता मसाई मारा आणि सेरेंगेटी ही नावे मंडळाच्या कोजागिरीतही कानी पडतात. विमान कोणते, तंबू कोणता, कॅमेऱ्याची लेन्स कोणती, यांवर एकमत होते. परंतु सामानाचा प्रश्न निघाला की घराघरांत तट पडतात. एक पक्ष म्हणतो, मोठी बॅग सरळ विमानाच्या पोटात द्यावी आणि हात हलवीत जावे. दुसरा पक्ष म्हणतो, चेक-इनच्या भानगडीतच पडू नये, सात किलोंची एक ट्रॉली घ्यावी आणि ती डोळ्यांआड होऊ देऊ नये. दोन्ही पक्ष आपापल्या अनुभवाचे दाखले देतात आणि दोघांनाही आपलेच म्हणणे प्रवासातील शहाणपण वाटते.

बालरोगतज्ज्ञाने या वादात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. सहलीपूर्वी मुलांना घेऊन आई-वडील माझ्याकडे येतात, पीतज्वराच्या लसीविषयी विचारतात, मलेरियाच्या गोळ्यांचे प्रमाण लिहून घेतात, तापाच्या, उलटीच्या, जुलाबाच्या औषधांची यादी करून घेतात. यादी संपली की मी विचारतो, "हे सारे ठेवणार कोठे?" समोरच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते. औषध कोणते यावर दहा मिनिटे बोलणारा माणूस ते कोणत्या बॅगेत जाणार याचा विचार दहा सेकंदही करीत नाही. माझ्या मते सफारीच्या बाबतीत हा प्रश्न सोयीचा कमी आणि वैद्यकीय अधिक आहे. आणि वर सांगितलेले दोन्ही पक्ष मला सारखेच अपुरे वाटतात.

प्रथम सामानाच्या वजनाविषयी. आपल्या पिढीचे सामानाचे गणित रेल्वेने शिकविलेले आहे. उधना-जळगाव गाडीने खानदेशात जाताना ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि फराळाचा डबा घेऊन चढणाऱ्या माणसांची आपण मुले. शयनयान वर्गात आजही माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेता येते आणि ते तोलून पाहणारा कोणी क्वचितच भेटतो. विमानाने हे प्रमाण निम्म्यावर आणले, तेव्हा आपण कुरकुरलो आणि शिकलो. परंतु सफारीला जाणाऱ्याचे वजन मोठ्या विमानाने ठरत नाही. ते प्रवासातील शेवटच्या वाहनाने ठरते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

नैरोबीत आंतरराष्ट्रीय विमानतळाखेरीज विल्सन नावाचा दुसरा विमानतळ आहे. माराकडे जाणारी छोटी विमाने तेथून सुटतात. त्यांत सेसना कॅरॅव्हॅन हे एका इंजिनाचे, बारा-तेरा प्रवाशांचे विमान पुष्कळ वापरले जाते. त्याचे सामान पोटाखाली लावलेल्या एका चपट्या कप्प्यात ठेवतात. कप्प्याची दारे लहान, आतील जागा बुटकी. त्यात टणक कवचाची, चाकांची बॅग शिरत नाही. म्हणून तेथे माणशी १५ किलो, तेही हातातील सामान धरून, आणि बॅग मऊ कापडाची, असा नियम आहे. हा नियम कोणाच्या लहरीचा नाही. नैरोबी समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे, माराही जवळजवळ तितक्याच उंचीवर. हवा विरळ असली की पंखांना उचल कमी मिळते आणि उतरायचे असते ते गवताच्या किंवा मुरमाच्या आखूड धावपट्टीवर. अधिक सामान हवेच असेल तर त्यासाठी आणखी एका आसनाचे तिकीट काढावे लागते, अथवा ते नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जावे लागते.

आपल्याकडील बहुतेक गट विमानाने न जाता नैरोबीहून मोटारीनेच माराला जातात. पाच-सहा तासांचा रस्ता आहे. तेथे १५ किलोंचा काटा नसतो हे खरे, परंतु वर छप्पर उघडणाऱ्या त्या गाडीत सहा-सात माणसे बसली की मागे उरणारी जागा आपल्या मोटारीच्या डिकीएवढीही नसते. टणक बॅगा एकमेकींवर बसत नाहीत, मऊ बॅगा दबून बसतात. कच्च्या रस्त्यावरची धूळ चेनमधून आत शिरते ती वेगळीच. तेव्हा मार्ग कोणताही असो, १५ किलोंची मऊ पिशवी हेच खरे माप.

येथे थोडे विषयांतर करतो. सफारी म्हटले की सुरतेत एकेकाळी सूट आठवे आणि हल्ली बॅगेचा ब्रँड आठवतो. मूळ शब्द स्वाहिली आहे आणि तो आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊ. दोघांचे घराणे अरबी. १९०९ साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत सफारीला गेले, तेव्हा त्यांच्यामागे दोनशेहून अधिक हमालांची रांग होती. एका हमालाने साधारण ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो, वाहावे असा त्या काळचा दंडक. रूझवेल्टसाहेबांची पुस्तकांची पेटीच तेवढ्या वजनाची होती. वाचनाचा छंद त्यांचा आणि मान मोडायची दुसऱ्याची! आज हमाल नाहीत. आपले ओझे आपण वाहायचे. त्या दृष्टीने १५ किलोंचा नियम मला न्याय्य वाटतो.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. सारे काही पोटात देणाऱ्यांकडे. सुरतेहून नैरोबीला थेट विमान नाही. मुंबईहून थेट जाता येते. परंतु तिकीट स्वस्त मिळते म्हणून पुष्कळजण आखातात किंवा अन्यत्र विमान बदलून जातात. विमान बदलताना बॅग मागे राहण्याचा संभव सर्वांत अधिक. विमानतळांना माहिती-तंत्रज्ञान पुरविणाऱ्या सिता या कंपनीच्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांची गफलत झाली. त्यांतील बहुसंख्य बॅगा हरवत नाहीत, उशिरा येतात. शहरात राहणाऱ्या प्रवाशाला ती हॉटेलात पोहोचती होते. सफारीचा प्रवासी मात्र दुसऱ्याच पहाटे माराकडे निघालेला असतो आणि तेथून आणखी पुढे. बॅग त्याच्या मागे-मागे फिरते आणि पुष्कळदा त्याची गाठ परतीच्या दिवशीच पडते.

मॉन्ट्रियल करारानुसार भरपाई मिळते, हे खरे. भारत या करारात २००९ साली सामील झाला. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर, म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक आहे. बॅग बिघडली तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते; विमानतळ सोडण्यापूर्वी तेथील नोंदीचा कागद घ्यावा. हे सारे ध्यानात ठेवावे. पण रात्री दोन वाजता तंबूत धाप लागलेल्या मुलाच्या बापाला त्या दीड लाखांचा काय उपयोग?

या पक्षाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते. पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड "महत्त्वाचे कागद" म्हणून बॅगेच्या तळाशी, साड्यांच्या घडीत जपून ठेवलेले असते. केनियाहून परत येणाऱ्याला भारतात उतरल्यावर हे कार्ड दाखवावे लागते आणि ते दाखविण्याची जागा बॅगांच्या पट्ट्याच्या अलीकडे असते, पलीकडे नव्हे. लस घेतल्यापासून १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते. २०१६ सालापासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात. ज्याच्याजवळ ते नाही त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्याचा अधिकार आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. कार्ड आहे, पण ते अजून पट्ट्यावर फिरते आहे, हे उत्तर ऐकून घेण्याची त्यांच्यावर सक्ती नाही.

मग दुसरा पक्ष बरोबर का? तरुण डॉक्टरांत हा पक्ष बळावतो आहे आणि त्याचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु काट्यावर ठेवून पाहा. केबिनमध्ये सामान्यतः ७ किलोंची एक बॅग चालते. चाकांची चांगली ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते. उरलेल्या चार किलोंत कॅमेरा, दुर्बीण, चार्जर आणि पहाटेच्या थंडीसाठी जाड स्वेटर घातला की जागा संपते. लहान मूल बरोबर असेल तर त्याचे कपडे, खाऊ, दुधाची पावडर वेगळीच. मग निघण्याच्या आदल्या रात्री वजनकाट्यापुढे घरातील मंडळी एकेक वस्तू बाहेर काढू लागतात. त्यांत लेन्स निघत नाही, ओआरएसची पाकिटे निघतात, स्पेसर निघतो, "तिथे काय, मिळेलच की!" असे म्हणत तापाच्या औषधाची बाटली निघते. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून सात दिवसांच्याच ठेवल्या जातात. वजनाचा हा कर नेहमी मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या वस्तूंवर बसतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आणि इतके करूनही ती ट्रॉली हाती राहीलच याची शाश्वती नसते. विमान भरलेले असले की चढण्याच्या दाराशी कर्मचारी चाकांच्या बॅगा काढून घेतात, चिठ्ठी लावतात आणि पोटात पाठवितात. आपल्या परिचयातील एका कुटुंबावर ही पाळी आली. पाच वर्षांचा मुलगा, दम्याचा त्रास असणारा. आखातातील एका विमानतळावर, दुसऱ्या विमानाच्या दाराशी त्यांची ट्रॉली घेतली गेली. मागे रांग खोळंबलेली. आत काय आहे हे आठवून सांगण्याइतका वेळ कोणी दिला नाही. इनहेलर आणि स्पेसर दोन्ही तिच्यात होते. ती ट्रॉली तिसऱ्या दिवशी मिळाली. नैरोबीच्या उंचीवरच्या गार हवेत पहिल्याच रात्री मुलाला खोकला सुरू झाला, तेव्हा वडिलांनी मला फोन केला. "सर, सगळं हातातच ठेवलं होतं हो!" हे त्यांचे पहिले वाक्य. सुदैवाने ते शहरात होते. औषधाच्या दुकानात सालब्युटामॉल मिळाले, स्पेसर मिळाला नाही. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला इनहेलर घट्ट बसेल एवढे भोक पाडायचे आणि बाटलीच्या तोंडातून मुलाला श्वास घ्यायला लावायचा, हा आपल्या सर्वांना ठाऊक असलेला उपाय मी फोनवर सांगितला. मूल अर्ध्या तासात शांत झाले. हीच वेळ राष्ट्रीय उद्यानात आली असती तर? जून २०२० पासून केनियाच्या संरक्षित उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे. बंदी उत्तमच आहे. आपल्याकडेही ती नीट पाळली जावी. परंतु स्पेसर घरून न्यावा, तो बाटलीच्या भरवशावर सोडू नये, हे त्यावरून कळावे.

तेव्हा माझे मत असे. एक मऊ बॅग निःशंकपणे पोटात द्यावी. मात्र तिच्यात केवळ अशाच वस्तू ठेवाव्यात ज्या हरवल्या तर चुटपुट लागेल, पण कोणी आजारी पडणार नाही. कपडे, बूट, साबण, चिवडा, खाकरा, मेतकूट, अडकित्ता (तो केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, हे पानशौकीन ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे). आणि दुसरी, खांद्याला लावण्याची लहान पिशवी, जी आसनाखाली मावते. हिलाच मी खरे हातातील सामान म्हणतो, कारण दाराशी ती सहसा कोणी मागत नाही. ट्रॉली हवीच असेल तर खुशाल घ्यावी, परंतु ती केव्हाही जाईल असे धरून भरावी.

या खांद्याच्या पिशवीत काय असावे, हे प्रत्येक घराचे वेगळे असते. माझी कसोटी एवढीच की पुढचे तीन दिवस दुसरी कोणतीही बॅग मिळाली नाही तरी घरातील सर्वांत नाजूक माणसाचे चालले पाहिजे. पासपोर्ट, पिवळे कार्ड, केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी सुरू केलेल्या ईटीए परवानगीची प्रत आणि औषधांची चिठ्ठी हे कागद तर हवेतच. चिठ्ठी छापील लेटरहेडवर, औषधाचे मूळ नाव लिहून, वाचता येईल अशा अक्षरांत असावी. आपल्या व्यवसायबंधूंना ही शेवटची अट जाचक वाटेल, याची मला कल्पना आहे.

मलेरियाच्या गोळ्यांचे काही सांगतो. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यावी लागते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे, आणि ती आठ वर्षांखालील मुलांना आपण देत नाही. म्हणजे नैरोबीला उतरण्याच्या दिवशी यांतील एक गोळी घ्यायचीच असते. जी वस्तू रोज ठरलेल्या वेळी लागते ती पोटातील बॅगेत जाणे मला तर्कालाच धरून वाटत नाही.

लहान मुलांसाठी प्रतिजैविकाचे कोरडे सिरप न्यायचे तर पावडरच्याच रूपात न्यावे, घरून कालवून नेऊ नये. कालवल्यावर ते आठवडाभरही नीट टिकत नाही आणि द्रव पदार्थांची कटकट वाढते. आंतरराष्ट्रीय विमानात केबिनमधील द्रवांना १०० मिलिलिटरची मर्यादा असली तरी औषधे आणि बाळाचे अन्न यांना सवलत असते. विचारण्यापूर्वी आपणच बाहेर काढून दाखवावे. ओआरएसचे पाकीट वजनाने नगण्य. लिटरभराच्या पाकिटाचे वजन २१ ग्रॅमच्या आसपास. दहा पाकिटे नेली तरी एका लेन्सच्या झाकणासह तिच्या पिशवीएवढे वजन होत नसेल. झटके येणाऱ्या मुलाचा मिडाझोलामचा फवारा आईच्या पिशवीत नव्हे, आईच्या खिशात असावा.

इन्सुलिनविषयी मी जरा हट्टी आहे. विमानाच्या पोटात तापमान किती खाली जाईल हे आपल्या हाती नसते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी भरवशाचे राहत नाही. दिसायला मात्र पुष्कळदा नेहमीसारखेच दिसते. म्हणून ते केबिनमध्येच, आणि लागेल त्याच्या दुप्पट. अर्धे वडिलांच्या पिशवीत, अर्धे आईच्या. बर्फाच्या जेलपिशवीला पेन चिकटून ठेवले तरी गोठते; मध्ये जाड नॅपकिन असावा. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तेव्हा मात्रेच्या वेळांचा तक्ता निघण्यापूर्वीच आपल्या मधुमेहतज्ज्ञ मित्राकडून करून घ्यावा.

पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या पोटातील बॅगेत ठेवण्यास मनाई आहे, हे आता बहुतेकांस ठाऊक असते. परंतु दाराशी ट्रॉली घेतली जाते तेव्हा त्या तिच्यात राहून जातात. लिथियमची आग पोटात लागली तर विझवायला तेथे माणूस नसतो, म्हणून हा नियम. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. प्लास्टिकच्या पिशव्यांचेही तसेच. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात १ जून २०१९ पासून त्यांना बंदी आहे. आपल्याकडे प्रत्येक चप्पल, प्रत्येक डबा पिशवीत गुंडाळून भरण्याची जी रीत आहे ती घरीच ठेवावी. सुरतेसारख्या कापडाच्या गावात, बमरोली-पांडेसऱ्याच्या यंत्रमागांच्या शेजारी राहून आपल्याला कापडी पिशव्यांची वाण पडू नये.

नैरोबीत राहणाऱ्या कोणाच्या तरी आत्याला पोहोचविण्यासाठी पापड-लोणच्याचे बांधलेले पुडके घेऊन येणारी स्नेही मंडळी असतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावे. वजनाचा प्रश्न आहेच, पण बांधलेल्या पुडक्यात काय आहे याचे उत्तर विमानतळावर आपल्याला द्यायचे असते.

नैरोबीच्या ज्या विल्सन विमानतळाचा उल्लेख वर आला, तेथेच अ‍ॅमरेफच्या 'फ्लाइंग डॉक्टर्स'चा तळ आहे. आर्चिबाल्ड मॅकिंडो, मायकेल वुड आणि टॉम रीस या तीन शल्यविशारदांनी १९५७ साली हे काम सुरू केले. रानातील धावपट्टीवर उतरून रुग्णाला नैरोबीला आणण्याची त्यांची सेवा आहे आणि पर्यटकांसाठी अल्पमुदतीची वर्गणीही असते. आपल्या व्यवसायातील माणसांनी ते काम निदान माहीत करून घ्यावे. ते विमान येईपर्यंतचा वेळ मात्र आपल्याजवळच्या पिशवीवरच काढायचा असतो, आणि मंडळातील बारा डॉक्टर एका गटात असले तरी रिकाम्या हातांनी त्यांतला एकही फारसे काही करू शकत नाही.

आपल्या गटांसाठी माझी एक सूचना आहे. निघण्याआधीच्या बैठकीत आपण कपड्यांचे रंग ठरवितो (निळा-काळा टाळावा, त्से-त्से माश्या त्या रंगांकडे ओढल्या जातात). त्याच बैठकीत प्रत्येक कुटुंबाने आपली खांद्याची पिशवी आणावी आणि दुसऱ्या कुटुंबाने ती उघडून पाहावी. अ‍ॅलर्जी, दमा, झटके, मधुमेह असलेली मुले कोणती आणि त्यांचे औषध कोणाच्या खांद्यावर आहे, हे गटातील किमान तिघांना ठाऊक असावे. सामायिक औषधांची एकच मोठी पेटी करून ती गटप्रमुखाच्या बॅगेत टाकण्याची जी पद्धत आहे ती मला मान्य नाही. सहा गाड्यांतून गट विखुरला की पेटी पहिल्या गाडीत आणि ताप सहाव्या गाडीत, असेच घडते.

परतल्यावर बॅगा धुऊन माळ्यावर जातात. खांद्याची पिशवी मात्र लगेच रिकामी करू नये. मलेरियाच्या गोळ्या तिच्यातच असतात आणि घरी आल्याच्या आनंदात नेमक्या त्याच विसरल्या जातात. पुढच्या तीन महिन्यांत मुलाला ताप आला, तर तो साधा विषाणूचा दिसला तरी रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि तपासणाऱ्या डॉक्टरला, तो आपल्याच मंडळातला असला तरी, आम्ही आफ्रिकेहून आलो आहोत हे पहिल्या वाक्यात सांगावे.